दस्तीखालचा सौदा

नागनाथ डॉक्टरांच्या शोकसभेत मला खाली बसवलं गेलं. लातूरच्या ज्या ट्रस्टच्या दवाखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली, तिथल्याच हॉलमध्ये सभा होती. एकेक जण उठत होता आणि तेच तेच बोलत होता. देवमाणूस. गरिबांचा कैवारी. शेवटी ट्रस्टचे अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "त्यांच्या नजरेतून कधी काही सुटलं नाही."

मी उभा राहिलो. म्हणालो, "सुटलं होतं. माझ्या सख्ख्या भावाचं सुटलं होतं."

मला पुढं बोलायचं होतं. पण मागून कुणीतरी म्हणालं, "आवं, ही येळ हाय का?" आणि शेजारी बसलेल्या दादानं, म्हणजे ज्याचं सुटलं होतं त्याच भावानं, माझा शर्ट धरून मला खाली ओढलं. अध्यक्षांनी घाईघाईनं श्रद्धांजलीची दोन मिनिटं जाहीर केली. माझं बोलणं अर्धं राहिलं. लोकांनी घरी जाऊन सांगितलं असणार की दत्तानं मेलेल्या माणसाची अब्रू काढली. खरं तर त्या हॉलमध्ये डॉक्टर स्वतः असते तर त्यांनीच अध्यक्षांना अडवलं असतं. म्हणून अर्धं राहिलेलं लिहून काढतो. डॉक्टरांवर माझा राग आहे, तोही यात येईल. राग लपवून त्यांच्याबद्दल लिहिलं तर ते खोटं होईल.

डॉक्टर मोठ्या आतड्याची दुर्बीण करायचे. मागच्या बाजूनं कॅमेऱ्याची लवचीक नळी आत घालायची, आतडं शेवटापर्यंत बघायचं आणि कुठं मांसाचा कोंब आलेला असेल तर तारेचा फास टाकून तिथल्या तिथं काढायचा. या कोंबाला पॉलिप म्हणतात. आज वाटाण्याएवढा असतो, त्रासही देत नाही. राहू दिला तर त्यातला एखादा पुढं कॅन्सर होतो. म्हणजे सगळा खेळ दिसण्याचा. दिसला तर माणूस सुटला. न दिसला तर कोंब सुटला.

मी ही यंत्रं विकतो. नांदेडला माझं दुकान आहे, आणि ते मला कुणी दिलेलं नाही. माझे वडील मुखेडच्या बाजारात बैलांची दलाली करायचे. मी आधी थर्मामीटर आणि बीपीची यंत्रं पिशवीत घालून एस्टीनं गावोगाव फिरलो, मग ऑपरेशनचे दिवे विकले, मग दुर्बिणी. घासाघीस करण्यात नांदेड-लातूर पट्ट्यात माझा हात कुणी धरत नाही. एकानं धरला. शब्दशः धरला.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला डॉक्टरांना एक वापरलेली पण चांगली दुर्बीण विकायची होती. मी पाठ केलेलं सगळं भाषण दिलं. तोंडात लवंग धरून त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "गाव कोणतं?"

"मुखेड."

"वडील काय करतेत?"

"बैलांची दलाली."

"मग इतका येळ तोंडानं का बोलून राहिलास?" असं म्हणून त्यांनी खिशातून दस्ती काढली. आपण हातरुमालाला दस्ती म्हणतो, पण ही चांगली टॉवेलाएवढी, लाल काठाची. ती त्यांनी टेबलावर आपल्या हातावर पसरली आणि म्हणाले, "ये."

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं करत नसत. विकणारा आणि घेणारा कापडाखाली हात घालत आणि बोटं धरून भाव सांगत. जितकी बोटं तितका आकडा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नसे. शेवटी पंजा दाबला की सौदा झाला. आणि कापडाखाली काय ठरलं ते तिसऱ्याला सांगायचं नाही, हा नियम. आता मोबाइलवर भाव बोलतात, पण जुनी माणसं अजूनही कापड काढतात. डॉक्टर रेणापूरच्या शेतकऱ्याघरचे. लहानपणी वडिलांबरोबर बैल घ्यायला फिरलेले.

मी हात घातला. डॉक्टरांनी माझं बोट धरलं आणि धरूनच ठेवलं. मी दुसरी बोटं पुढं केली, हिसका दिला, हसलो, चिडलो. ते खिडकीबाहेर बघत लवंग चघळत राहिले. चहा आला, गार झाला. शेवटी वैतागून मी पंजा दाबला. दस्तीची घडी घालत ते म्हणाले, "तुला नांदेडची गाडी धरायचीय. मला इथंच ऱ्हायचंय. मनून तू हारलास."

या माणसाला घाई माहीतच नव्हती. दवाखान्यातले तरुण डॉक्टर पटापट दुर्बिणी उरकत, यांच्या खोलीबाहेर माणसं खोळंबलेली. दुर्बीण आत नेताना ते गप्पा मारायचे, पाऊसपाणी विचारायचे. आतड्याच्या शेवटाला पोचले की गप्प. मग सिस्टर मंगलाबाईंनी दिवा मालवायचा. खिडकीवर त्यांनी एक जुनी घोंगडी खिळे मारून लावली होती, ती सारखी करायची. आणि डॉक्टर नळी मागं घ्यायला लागायचे, आतड्याची एकेक वळी उलगडून, मागंपुढं करत. "जाताना कुणीबी जातंय," ते म्हणायचे. "येताना बघायचं असतंय." पडद्याशी बोलायचे. "ये माय, जरा तोंड दाव. लाजू नगं." पॉलिप सापडला की, "हा बघा पाव्हणा. मुक्कामाला आलता."

आणि काही सापडलं नाही तर? तर ते "काही नाही" असं कधीच म्हणायचे नाहीत. "मला काही दिसलं न्हाई," एवढंच म्हणायचे. अहमदपूरचा एक जण आईला घेऊन आला होता, तो यावर भडकलेला मला आठवतो.

"दिसलं न्हाई म्हंजे? हाय का न्हाई ते सांगा की!"

"मला दिसलं न्हाई."

"मग आमी इतक्या लांबून कशापायी आलो?"

"बघाया. मी बघितलं. लई नीट बघितलं."

म्हातारी बाकावरून म्हणाली, "आरं, बरोबर बोलून राहिलेत ते. तुला चष्मा डोक्यावर असून दिसत न्हाई." तेवढ्यावर ते मिटलं, पण मी डॉक्टरांना बाहेर गाठलं. म्हणालो, "साहेब, अशानं पेशंट तुटतो. सरळ ओके म्हणा." ते म्हणाले, "बैलाचे दात मोजता येतेत, दत्ता. जे दिसलं न्हाई ते कसं मोजू?"

त्यांच्याकडचं मशीन जुनं होतं. साधा पांढरा उजेड. टपोरा कोंब त्यात दिसतो. पण काही पॉलिप चपटे असतात, विशेषतः उजव्या अंगाला, भिंतीला चिकटून बसलेले, वर चिकट थर. गुलाबी भिंतीवर गुलाबी डाग, कसा दिसणार? नव्या मशीनला त्यासाठी एक बटन असतं. दाबलं की निळा-हिरवा उजेड पडतो, बारीक रक्तवाहिन्या गडद होतात आणि असा डाग तपकिरी होऊन वेगळा पडतो. डॉक्टरांकडं बटन नव्हतं. त्यांच्याकडं निळा रंग होता. शंका आली की पिचकारीनं तो रंग नळीतून आत फवारायचे. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात पाणी सोडलं की आधी भेगा भरतात आणि ढेकळं उघडी पडतात, तसा तो रंग बारीक खाचांत उतरायचा आणि उचललेल्या जागेचा काठ वर यायचा. मी स्वतः पडद्यावर पाहिलं आहे. काही नव्हतं तिथं बघता बघता काठ उमटलेला. पण हे वेळखाऊ काम. सगळ्यांना सगळीकडं फवारता येत नसे. जिथं शंका, तिथंच.

या रंगानं त्यांची बोटं, बाह्या, कधी कधी कानसुद्धा निळे असायचे. मंगलाबाई ओरडायच्या, "साहेब, दाराची कडी बी निळी केली तुमी!" एकदा मी समोर बसलेलो असताना आदल्याच दिवशी रंग फवारलेल्या मुखेडकडच्या एका पेशंटचा फोन आला. फोन लांब धरला तरी ऐकू येत होता.

"डाक्टर, संडासला निळं व्हऊन राहिलं की वो!"

"निळंच हाय ना? मग बेस. लाल झालं तर फोन कर."

"आवं, आख्खी गल्ली बगून गेली!"

"मग तिकीट लावलं का न्हाई?"

ही झाली गंमत. आता राग.

नवं मशीन आलं तेव्हा मी पहिल्यांदा नाव घेतलं ते डॉक्टरांचं. त्यात उजेडाचं बटन तर होतंच, शिवाय एक संगणकाची पेटी होती. कॅमेऱ्यात पॉलिपसारखं काही आलं की ती पडद्यावर हिरवा चौकोन काढायची आणि 'टुंग' असा आवाज द्यायची. मी अध्यक्षांच्या घरी किती वेळा गेलो याला गणती नाही. त्यांच्या नातवाच्या बारशाला गेलो. शेवटी ट्रस्टची माणसं मशीन चालताना बघायला तयार झाली. सगळी खुर्च्या टाकून डॉक्टरांच्या खोलीत बसली. पेशंट रेणापूरकडचा एक वयस्कर माणूस, आदल्या दिवशीपासून पोट साफ करायची पावडर पाण्यातून प्यायलेला, काही खायचं नाही असं बजावलेला.

नळी आत गेली आणि मशीन ओरडायला लागलं. टुंग. टुंग टुंग. टुंग टुंग टुंग टुंग. पडदा हिरव्या चौकोनांनी भरला.

अध्यक्ष खुर्चीतून उठले. "बापरे! एवढे पॉलिप?"

डॉक्टर पडद्याजवळ वाकले. "न्हाई साहेब. कारळं हायती." मग पेशंटला विचारलं, "मामा, काय खाल्लंत?"

"काय बी न्हाई, माय शपथ."

"काहीच न्हाई?"

"आवं काहीच न्हाई. नुसती चटणी-भाकर."

आमच्याकडं वरण, भाजी, भात ताटात पडला तर ते जेवण. कारळाच्या काळ्या बियांची चटणी आणि भाकरी याला कुणी खाणं म्हणत नाही, ती नुसती पोटाला धर म्हणून. त्या मामाचं त्याच्या परीनं बरोबर होतं. शिवाय त्यानं पावडर निम्मीच घेतली होती. निम्मी एस्टी स्टँडवर ओतून दिली, कारण पुढं प्रवास आणि वाटेत जायला जागा नाही.

डॉक्टरांनी नळी सावकाश बाहेर काढली, टेबलावर ठेवली आणि मग हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मशीन हुशार हाय, साहेब. आपली चटणी वळखली!" सगळे हसले. मी सोडून.

अध्यक्षांनी सरळ विचारलं, "डॉक्टर, घ्यायचं का नाही ते सांगा."

एक 'हो' पुरला असता. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. ते म्हणाले, "मशीन चांगलं हाय. मला पाहिजेच हाय. पर ते धुतलेल्या आतड्यात बघंल. आमचा माणूस पावडर पिऊन एस्टीत बसून राहिलाय. आधी चार संडास बांधून द्या, पाण्याची टाकी द्या. आदल्या दिवशी पेशंट इथंच ठेवू. मग मशीन."

अध्यक्षांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! मशीनसमोर चार संडास म्हणजे किस झाड की पत्ती! लगेच मंजूर. दुसऱ्या आठवड्यात वाळू पडली. वर अध्यक्षांच्या वडिलांच्या नावाची पाटी लागली. माझ्या मशीनचे संडास झाले.

मी डॉक्टरांना व्हरांड्यात धरलं. "साहेब, दोन्ही मागायचं व्हतं!"

"मागितलं की. आधी हे, मग ते."

"मग ते कधी येत नसतंय! बैल मागायचा तर गाडी बी मागायची, तवा कुठं बैल मिळतोय. तुमी दस्तीत मला हारवता आन त्या बाप्यापुढं पहिल्या बोटाला सौदा दाबता?"

ते लवंग चघळत म्हणाले, "तुझं बरोबर असंल."

हे त्यांचं वाक्य. भांडायला गेलेल्या माणसाच्या हातात ते हे वाक्य ठेवायचे आणि निघून जायचे. एक मान्य करतो. संडास झाल्यावर पेशंट आदल्या दिवशी येऊन राहू लागले, मंगलाबाई समोर उभं राहून पावडर पाजू लागल्या, आणि आतडी धुतल्या भांड्यासारखी येऊ लागली. डॉक्टरांना कितीतरी जास्त पाव्हणे सापडू लागले. पण मशीन आलं नाही ते नाहीच. मी अध्यक्षांच्या तोंडावर काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर त्या ट्रस्टचं दार माझ्या धंद्याला बंद झालं.

आता दादा. किशन, माझा थोरला भाऊ. वडिलांची दलाली त्यानं चालू ठेवली. त्याच्या शौचातून रक्त पडलं तेव्हा मी त्याला डॉक्टरांकडंच नेलं. राग असला तरी नजर त्यांचीच, हे मला माहीत होतं. दादा आदल्या दिवशी जाऊन राहिला. त्याच संडासांत चकरा मारल्या. आतडं चकचकीत. डॉक्टरांनी डाव्या बाजूचे दोन पाव्हणे काढले आणि म्हणाले, "बाकी मला काही दिसलं न्हाई, किशनराव. तीन वर्सानं या."

तीन वर्षं पुरी व्हायच्या आधीच दादा पिवळा पडायला लागला. बाजारात उभा राहिना. तपासणीत अंगात रक्त फार कमी निघालं. पुन्हा लातूर. मी बाहेर बाकावर. बराच वेळ दार उघडलं नाही. मग डॉक्टर एकटेच आले, मास्क गळ्यात, हातमोजे काढायचे राहिलेले.

"उजव्या अंगाला हाय, दत्ता. वळीच्या मागं. कॅन्सर असंल. मागल्या टायमाला चपटा कोंब मनून तिथंच असणार. माझ्या नजरेतून सुटलं."

मी ओरडलो. सगळा व्हरांडा बघत होता. "त्या निळ्या उजेडात दिसलं असतं!"

"असंल."

"असंल काय? बटन दाबलं असतं तर—"

"दिसलं असतं का न्हाई, ते तुला बी ठावं न्हाई, मला बी न्हाई."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. खोटं असतं तर मी त्यांना माफ करून टाकलं असतं, खोट्या माणसाशी माझा व्यवहार रोजचाच आहे. पण ते खरं होतं. मशीन असतं तरी कदाचित सुटलं असतं. आणि कदाचित नसतंही सुटलं. या दोन कदाचितांच्या मध्ये माझ्या भावाचा जीव टांगलेला, आणि भांडायला समोर कुणी नाही. भांडायला गेलो की, तुझं बरोबर असंल.

नांदेडला ऑपरेशन झालं. आतड्याचा तो तुकडा काढला. बाहेर पसरलं नव्हतं. दोन-तीन महिन्यांनी दादा बाजारात जाऊन बसायला लागला, आणि एका बाजाराच्या दिवशी नागनाथ डॉक्टर मुखेडला एस्टीतून उतरले. मी तिथंच होतो. बैलांच्या रांगेतून धोतर सावरल्यासारखी पँट वर धरून शेणातून वाट काढत ते आले आणि चार दलालांसमोर म्हणाले, "किशनराव, तुमच्या आतड्यातलं माझ्याकडून सुटलं. ते सांगाया आलो."

मला वाटलं, आता तरी दादा बोलेल. दादा म्हणाला, "तुमी तवाच म्हणला व्हता की साब, मला दिसलं न्हाई. न्हाई असं कुठं म्हणला व्हता? बसा. ह्या खोंडाचे दात बगा." खोंडाचं वय दातांवरून ठरतं; डॉक्टरांनी बाह्या वर करून त्याचा जबडा उघडला. "दोन दाती हाय," ते म्हणाले. "चार सांगून राहिला व्हता मालक!" दादा म्हणाला आणि दोघं हसले.

मी तिथून निघून गेलो. घासाघीस न करता दिलेली माफी मला पटत नाही.

पुढचं मला मंगलाबाईंकडून कळलं. डॉक्टर परत गेले ते थेट ट्रस्टच्या बैठकीत. तिथं त्यांनी सांगितलं, "माझ्याकडून एक सुटलं. आन किती सुटलं असंल ते मला ठावं न्हाई. मशीन द्या." दुसरं काही बोलले नाहीत. खुर्चीत बसून राहिले. अध्यक्षांनी चहा मागवला, विषय बदलला, दुसऱ्या कामाचं काढलं. डॉक्टर बसूनच. मला दस्तीखाली जसं धरून ठेवलं होतं तसं त्यांनी सगळ्या ट्रस्टला धरून ठेवलं असणार. मशीन मंजूर झालं. तेच मशीन. तेच बटन, तीच पेटी. ऑर्डर मात्र हैदराबादच्या डीलरला गेली.

मी गेलो आणि टेबलावर हात आपटला. "माझ्या भावाच्या आतड्यावर मशीन आलं, आन आर्डर हैदराबादला?"

"खरेदी मी करत न्हाई, दत्ता."

"एक शब्द टाकायचा व्हता!"

"माझा शब्द मशीनपुरताच व्हता. तितकाच पुरला." आणि वर, "तुझं बरोबर असंल."

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं.

ऑपरेशनला वर्ष झालं तेव्हा दादाची दुर्बीण पुन्हा करायची होती. दुसरीकडं नेतो म्हटलं तर दादा ऐकेना. "ज्यानं बगितलंय त्यानंच बगावं." मी गाडी काढली. डॉक्टरांची निवृत्ती जवळ आली होती आणि ते वाळले होते. छातीच्या दुखण्याची मला तेव्हा कल्पना नव्हती. मी व्हरांड्यातच थांबणार होतो. ते दारात येऊन म्हणाले, "आत ये. तुझं मशीन बघ."

"माझं न्हाई," मी म्हणालो. पण गेलो.

घोंगडी तीच, खिळे तेच. अंधारात तो नवा पडदा. जाताना त्यांनी दादाशी खोंडाच्या गप्पा मारल्या. शेवटाला पोचले आणि गप्प झाले. मग येणं सुरू झालं. पांढऱ्या उजेडात सगळं गुलाबी. बटन दाबलं की तेच आतडं दुसऱ्याच मुलखासारखं, हिरवट, आणि त्यावर तपकिरी जाळी. एकदा टुंग वाजलं. त्यांनी पाणी मारलं, बुडबुडा होता, फुटला. मग एका वळीपाशी ते थांबले. पेटी गप्प होती, चौकोन नव्हता. डॉक्टर पुढं सरकेनात. वळी दाबून तिच्या मागं डोकावले. उजेड पांढरा केला, निळा केला, परत पांढरा. मग मंगलाबाईंकडं हात केला आणि रंगाची पिचकारी मागितली.

"साहेब, आता बटन हाय की," मी न राहवून म्हणालो. दारातलं 'माझं न्हाई' सोडलं तर, बोलणं बंद केल्यापासूनचं ते पहिलं वाक्य.

"असू दे," ते म्हणाले.

निळा रंग भिंतीवरून उतरला, खाचांत भरला. आम्ही सगळे बघत राहिलो. काठ उमटला नाही. तरी ते तिथंच. मी आयुष्यभर माणसांना घाई करून कमावलं आहे, त्या खोलीत मात्र मला वाटलं, अजून थोडं थांबावं यांनी. आणि ते थांबले.

नळी बाहेर आली. दादा गुंगीतून म्हणाला, "काय, साब?"

"मला काही दिसलं न्हाई."

दादा हसला. "बास की मग. आता कवा येऊ?"

डॉक्टरांनी हात धुतले. खिशातून लाल काठाची दस्ती काढली, खाटेवर दादाच्या हातावर पसरली आणि तिच्याखाली आपला हात घातला. वर्षांचा सौदा सुरू झाला. दादा अर्धवट गुंगीत, पण हाताला गुंगी नव्हती. कापड वरखाली होत होतं.

"जरा सोडा की, साब. गडी उभा हाय अजून."

"गडी उभा हाय, पर दात पडलेत."

"लई वढून धरून राहिलात."

दुसरा हात कमरेवर ठेवून, मागं तो हिरवट पडदा तसाच चालू ठेवून, डॉक्टर खिडकीवरच्या घोंगडीकडं बघत उभे होते, जणू पलीकडचं दिसत होतं. कोण किती बोटं धरून आहे हे बाजारात मी नुसत्या खांद्यावरून ओळखतो. त्या दिवशी मला काही ओळखता आलं नाही. बऱ्याच वेळानं कापड एकदा घट्ट झालं आणि ढिलं पडलं.

"काय ठरलं?" मी विचारलं.

डॉक्टर दस्तीची घडी घालत होते. निळ्या बोटांनी काठाला काठ जुळवून, सावकाश. "तू दलालाचा पोरगा ना रं?" एवढंच म्हणाले. त्यांचं ते शेवटचं दर्शन.

अहमदपूरपर्यंत मी दादाला विचारत राहिलो. गाडी थांबवून विचारलं. "दस्तीखालचं हाय," म्हणून तो सीटवर डोकं टाकून झोपला. पुढं डॉक्टर निवृत्त झाले, आणि थंडीत गेले.

त्या सभेत, दादानं मला खाली ओढलं आणि लगेच सगळे श्रद्धांजलीला उभे राहिले, तेव्हा मी रागातच दादाशेजारी उभा राहिलो. ज्याच्यासाठी भांडलो त्यानंच मला गप्प करावं? दादानं खांद्यावरचा टॉवेल काढून आपल्या हातावर टाकला. मला वाटलं, हात पुसतोय. मग टॉवेलाखालून त्याचा हात आला आणि त्यानं माझं बोट धरलं. मला वाटलं, आणखी बोटं धरील. धरली नाहीत. एकच बोट, म्हणजे एकच वर्ष, डॉक्टरांशी दस्तीखाली ठरलेलं. मी हात सोडवायला गेलो तर सोडेना. समोर हार घातलेल्या फोटोकडं बघत तो सरळ उभा होता. अध्यक्ष 'ॐ शांती' म्हणाले, खुर्च्या सरकल्या, माणसं दाराकडं निघाली. माझं बोट त्यानं धरूनच ठेवलं होतं.